दोन दारं, दोन चिठ्ठ्या

उदय मगदूमचा प्रोग्रॅम कधी मरत नसे. तरुणपणी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याने एक बसवला होता. कारखाना बंद पडला, गेटला गंज चढला, तरी तो प्रोग्रॅम एकोणीस वर्षं काट्यावर बसणाऱ्या कावळ्यांचं वजन नोंदवत राहिला. मिरजेत असंही सांगतात की त्यातला एक कावळा दर हंगामात जड होत गेला तेव्हा प्रोग्रॅमने त्याला उसाच्या गाडीची पावती काढून दिली. खरं-खोटं त्या कावळ्याला माहीत. उदयचं नाव मात्र झालं, आणि त्या नावामागचं गुपित स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचं.

वैजयंती, त्याची बायको, हायस्कूलला गणित शिकवायची. प्रोग्रॅमची एक ओळ तिला लिहिता येत नव्हती. पण उदय काम संपवून हात झटकत आत आला की ती मान वर न करता विचारायची, "उलटं उदाहरण घालून बघितलंस?"

"चालतंय गं वैजू. दहादा चालवून बघितलं."

"जिथे चालायला हवं तिथे दहादा बघितलंस. जिथे चालायला नको तिथे एकदा तरी?"

मग तो कुरकुरत परत खुर्चीत जाऊन बसायचा, आणि दहातल्या सात वेळा तोंड पाडून परत यायचा. तीस वर्षं हे असंच चाललं. उदयचा कोड तपासणारा माणूस जगात एकच होता, आणि त्या माणसाला कोड येत नव्हता.

उदय सत्तरीला आला आणि वैजूच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची एक गुठळी अडकली. जीव वाचला. हात, पाय, जीभ, पापण्या, सगळं जागच्या जागी राहिलं आणि काहीच तिचं ऐकेना. कान आणि डोकं मात्र लख्ख होतं.

त्याच सुमाराला ‘वाचा’ नावाचं यंत्र घरोघरी मिळू लागलं होतं. आपण बोलतो तेव्हा मेंदू ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सोडतो. वैजूचे हुकूम सुटत होते, वाटेतला पूल तुटला होता. वाचाची पट्टी कपाळावर बसायची, ते हुकूम निघतानाच टिपायची, आणि एका ध्वनीला एक खूण अशी ओळ लिहायची. उशाशी डबीएवढा स्पीकर. तो ती ओळ वाचायचा, तीही वैजूच्याच आवाजात, कारण तिच्या शाळेतल्या तासांची रेकॉर्डिंग उदयने जपून ठेवली होती. पहिल्या दिवशी स्पीकर म्हणाला, "उदय, पडदा जरा सरकव, ऊन डोळ्यावर येतंय." सत्तर वर्षांचा माणूस पडद्याला धरून रडला.

अडचण एकच होती. आपण मनातल्या मनात शब्द जुळवतो तेव्हाही थोडे हुकूम सुटतातच. यंत्राला ते कळायचं. अशा अर्धवट ओळीच्या शेवटी ते तीन ठिपके द्यायचं, पण वाचून दाखवताना सगळंच दाखवायचं.

शेजारच्या हुल्याळकरकाकू भेटायला आल्या. दोन तास बसल्या, चार आजाऱ्यांच्या हकिकती सांगितल्या, त्यातले तीन दगावले होते. मध्येच स्पीकर मृदू आवाजात म्हणाला, "ही उठणार कधी... पातळ तरी धुवून नेसावं..."

काकू उठल्या. उदयने कोपरापासून हात जोडले. दार लागलं.

"उदय," वैजू म्हणाली, "हे अर्धवट बाहेर पडू देऊ नकोस. मला पूर्ण विचार करून बोलायची सवय आहे."

"आत्ता करतो. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम म्हणजे असं. यंत्राच्या सेटिंगच्या पानावर एक नमुना लिहायचा. ज्या ओळीत तो सापडेल ती ओळ वाचायची नाही. प्रोग्रॅमर लोक या नमुन्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ही चाळण्या विणायची भाषा आहे, आणि तिच्यात काही खुणा साहेब असतात. ठिपका हा सगळ्यांत मोठा साहेब. पत्त्यातल्या जोकरसारखा तो कुठल्याही खुणेच्या जागी बसतो. तीन ठिपके लिहिले तर चाळणी समजते, ‘कुठल्याही तीन खुणा’. ठिपका नुसता ठिपका म्हणून हवा असेल तर त्याच्या आधी एक तिरकी रेघ द्यायची, बॅकस्लॅश. म्हणजे साहेबाच्या हातात चिठ्ठी: आज रजेवर, अधिकार नाही.

यातली मेख अशी की ती चिठ्ठी वाचणारे एकाहून जास्त असतात. नमुना आधी सेटिंगच्या पानातून जातो, मग चाळणीपाशी पोचतो. ही दोन दारं. पहिल्या दारावरचा पहारेकरी चिठ्ठी बघतो आणि खिशात घालतो. साहेब दुसऱ्या दाराशी पोचतो तेव्हा हात रिकामे, अधिकार परत पुरा. म्हणून दारं दोन असतील तर चिठ्ठ्याही दोन द्यायच्या. उदयने हे तीस वर्षं नव्या पोरांना फोनवर घोकून सांगितलं होतं, स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत: "दोन दारं, दोन चिठ्ठ्या. पाठ कर." कुकरच्या शिट्टीतही ऐकू जाईल इतक्या जोरात.

त्या दिवशी त्याने दर ठिपक्याला एकेकच चिठ्ठी दिली. वैजू ऐकत होती आणि त्याला चटकन करून दाखवायचं होतं, याहून मोठं कारण शोधून सापडत नाही.

"वैजू, ऐकू येतंय का?"

"हो."

"झालं," तो म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला. आत उलटं उदाहरण विचारणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजूला ताप भरला. उतरला, पण ती बोलेना. पाणी हवं का, तर "हो." कूस बदलू का, तर कधी "हो", कधी काहीच नाही. डॉक्टर शिरगुप्पे घरी आले, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि व्हरांड्यात जाऊन हळू बोलले.

"लहानसा झटका येऊन गेला असावा, मगदूमसाहेब. स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. भाषा जाते ती अशीच जाते, पण ‘हो’ राहतं पुष्कळांचं."

"रडते डॉक्टर. सारखं पाणी येतं."

"या आजारात डोळे आपोआप वाहतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

उदय पुसत राहिला. मऊ पंचा घेतला होता त्याने त्यासाठी, पिवळ्या काठाचा.

तेविसाव्या दिवशी वैजू एकदम बडबडायला लागली. "तू. ये. दे. ना. तू. का. ना. हे." अर्धा तास. उदय घाबरला. डॉक्टरांनी शांत करणारं इंजेक्शन दिलं, ती दोन दिवस झोपून राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, पुन्हा इंजेक्शन. त्यानंतर ती बडबडली नाही.

वगळलेल्या ओळी यंत्र एका कप्प्यात ठेवायचं. उदयने तो कप्पा एकदाही उघडला नाही. बायकोचे अर्धवट विचार वाचणं त्याला तिची पत्रं चोरून वाचण्यासारखं वाटायचं. भला माणूस होता. त्या भलेपणाने त्याचं जेवढं वाटोळं केलं तेवढं दुसऱ्या कशाने केलं नाही.

मुलगी केतकी नॉर्वेत माशांच्या लसी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. श्रावणात तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मला आत्ता तीन आठवडे मिळतायत. नाहीतर एकदम दिवाळीत. आईला विचारा ना, कधी येऊ."

उदयने फोनचा पडदा वैजूच्या तोंडासमोर धरला. "वैजू, केतकीला दिवाळीला ये म्हणू? तेव्हा जास्त दिवस राहता येईल तिला."

स्पीकर गप्प.

"दिवाळीला चालेल ना?"

गप्प. डोळ्यांतून धार लागली. पडद्यावर केतकी ओठ चावत होती, तिच्या मागे दाराशी एक बॅग होती.

"वैजू, अगं, बोल काहीतरी. ऐकू येतंय ना तुला?"

"हो."

"हो म्हणाली," उदय म्हणाला आणि त्याने पंचा घेतला.

"ऐकलं मी," केतकी म्हणाली. "मग दिवाळीलाच येते."

दिवाळीला अठरा दिवस असताना, सकाळी सव्वादहाला, उदय औषध घोटत असताना वैजू गेली.

केतकी आली ती तेराव्यापर्यंत पुरेल एवढंच सामान घेऊन. बापलेकीत बोलणं व्हायचं ते पाहुण्यांच्या चपलांबद्दल. चौदाव्या दिवशी सकाळी ती आतल्या खोलीत आईच्या साड्या कपाटातून काढून ठेवत होती. उदय दाराशी उभा राहिला.

"गुरुवारचं तिकीट पुढं ढकलता येईल का बघ की."

"कशाला?"

"असंच. घर मोठं वाटतंय."

केतकीने एका साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "बाबा, मी श्रावणात सामान भरून बसले होते. त्या दिवशी. बॅग दाराशी होती. आईने हो म्हटलं म्हणून परत कपाटात लावली." तिने वर बघितलं नाही. "मी तिला अशा अवस्थेत पाहावं, हे तिला तेव्हा नको असेल. मी समजू शकते. पण माझ्या डोक्यातून ते ‘हो’ जात नाही. दुसरं काही बोलली असती तर तेही आठवलं असतं. एवढंच आहे माझ्याकडे."

उदय बाहेरच्या खोलीत, वैजूच्या रिकाम्या पलंगाशेजारच्या टेबलापाशी येऊन बसला.

यंत्र कंपनीला परत द्यायचं होतं, माणूस गुरुवारी येणार होता. परत देण्याआधीच्या यादीत शेवटची ओळ होती: ‘वगळलेल्यांचा कप्पा रिकामा करा.’ उदयने त्या कप्प्याचं पान काढलं. चारपाचशे ओळी असतील असा त्याचा अंदाज होता. पडद्यावर आकडा होता एक्केचाळीस हजार दोनशे सहा.

माणसाचे अर्धवट विचार एवढे नसतात. प्रोग्रॅमरला आकडा खुपतो तसं दुसरं काही खुपत नाही. त्याने कप्पा उघडला.

ओळींच्या शेवटी ठिपके नव्हते. पूर्ण, व्याकरणशुद्ध, गणिताच्या बाईंची वाक्यं होती.

"उदय, मी बोलतेय, बाहेर येत नाही."

"उदय, मला झटका बिटका काही आलेला नाही. डॉक्टरांना सांग."

आठव्या दिवशी तिने प्रयोग मांडला होता, फळ्यावर मांडावा तसा. ज्या शब्दांना दोन खुणा होत्या ते स्पीकरमधून बाहेर पडले होते, बाकीचे इथे पडून होते. तिने त्यांची उजळणी करून ठेवली होती: "हो, गेलं. नको, अडकलं. पाणी, अडकलं. दे, गेलं. उदय, अडकलं. आई, गेलं. केतकी, अडकलं. म्हणजे दोन खुणा सुटतात, तीन किंवा जास्त अडकतात. तीन. अरे देवा, तुझे ते तीन ठिपके."

आणि पुढची ओळ: "उदय, तुझे साहेब रजेवर गेलेच नाहीत. दोन दारं, दोन चिठ्ठ्या. मला झोपेत पाठ आहे, तू कसा विसरलास?"

त्याने सेटिंगचं पान उघडलं. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. एकेक तिरकी रेघ. तीन ठिपके, तीन रेघा. कुठल्याही पोराने केली असती तर त्याने फोनवर त्याची सालं काढली असती अशी चूक. अकरा महिने त्याची चाळणी त्याच्या बायकोला सांगत होती, तुला ‘हो’ म्हणायची मुभा आहे.

तो वाचत गेला. तेविसावा दिवस: "छोट्या शब्दांनीच काम भागवते. तू ये, दे, ना. ‘ना’ म्हटलं तर मघाशी त्याला वाटलं मी लाडात आले, गाल कुरवाळून गेला. चिडू का हसू." मग दोन दिवस कोरे. मग: "इंजेक्शन दिलं. पुन्हा करून बघते." मग पुन्हा कोरे. मग: "नाही करत आता. झोपून गेले की तो एकटा पडतो."

त्यानंतर रोज सकाळी नऊ वाजता, शाळेच्या पहिल्या तासाला, एक ओळ. "दोन दारं, दोन चिठ्ठ्या." रविवारीही.

श्रावणातला तो दिवस त्याने शोधला नाही, तो आपोआप समोर आला.

"नको. आत्ता बोलाव."

"नको, उदय. आत्ता. दिवाळी माझ्या हिशेबात बसत नाही."

आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं त्या कप्प्यात नव्हतं, कारण ते बाहेर पडलं होतं. ऐकू येतंय ना तुला? हो. खालची ओळ होती: "हे उत्तर त्या प्रश्नाचं नाही. केतू, बॅग उघडू नकोस."

उदयने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आतून कपाटाचा आवाज येत होता. पडद्यावर कप्पा रिकामा करायचं बटण होतं. एकदा दाबलं की मग तेच खरं: वैजू झटक्याने मुकी झाली होती, शेवटी तिला फारसं कळत नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. केतकी गुरुवारी जाईल, दिवाळीला फोन करील. कधीतरी बाबा म्हणून पुन्हा हसेलही. आणि त्या ‘हो’चं ओझं घेऊन जन्मभर माशांना लसी देत राहील.

बटण दाबलं नाही तर तिला आई परत मिळणार होती. बाप मात्र जाणार होता.

त्याने चष्मा परत चढवला. मग हाक मारली, "केतकी. जरा इकडे ये. उभ्याने ऐकू नकोस, बस."

तिला रेग्युलर एक्स्प्रेशन समजावून सांगायची गरज पडली नाही. प्रयोगशाळेत तीही वापरायची. त्याने फक्त सेटिंगचं पान दाखवलं, मग श्रावणातला दिवस दाखवला, आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिथे तोच पडदा होता, पहिल्या दिवशीचा.

बऱ्याच वेळाने केतकीचा आवाज आला. "मला बोलावत होती."

"हो."

"अकरा महिने सगळं कळत होतं तिला."

"हो."

"तुम्ही पोरांचा कोड तपासायचात. तुमचा कोण तपासायचं?"

"तुझी आई."

केतकी उठली. पायात चप्पल न घालताच बाहेर गेली. उदय होता तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं होतं की ती ओरडेल, आणि त्याने स्वतःला तिच्या ओरडण्यासाठी तयार केलं होतं; नुसत्या उघड्या दारासाठी नव्हतं केलं. समोरच्या भिंतीवर हुल्याळकरकाकूंचं मांजर झोपलं होतं, ते उठलं, अंग ताणलं, पुन्हा झोपलं.

तासाभराने ती परत आली. पाय धुळीने भरलेले. आली ती सरळ टेबलापाशी.

"आज सकाळीच हे रिकामं करता आलं असतं ना तुम्हाला?"

"आलं असतं."

"मला कधी कळलं असतं?"

"नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. माफी नव्हती त्या बघण्यात, उदयला ती हवीही नव्हती. "मी तुम्हाला लगेच काही म्हणू शकणार नाही बाबा," ती म्हणाली. "पण नमुना तसाच ठेवू नका. दुरुस्त करा."

"आता काय उपयोग?"

"दुरुस्त करा आणि हे सगळं पुन्हा त्यातून जाऊ द्या. पहिल्यापासून. मला तिच्या आवाजात ऐकायचंय."

उदय खुर्चीत बसला. एकेक खूण जपून लिहिली. ठिपक्याआधी दोन रेघा. पुढच्या ठिपक्याआधी दोन. तिसऱ्याआधी दोन. मग सवयीने खुर्ची मागे सारायला गेला आणि थांबला.

"उलटं उदाहरण घालून बघतो," तो म्हणाला. त्याने एक ओळ लिहिली, ‘ही उठणार कधी’, शेवटी तीन ठिपके. चाळणीने ती अडवली. मग लिहिलं, ‘नको’. उशाशी ठेवलेल्या डबीतून, त्या रिकाम्या पलंगावरून, वैजू स्वच्छ आवाजात म्हणाली, "नको."

केतकीने तोंडावर हात दाबला.

सगळ्या ओळी सलग लावल्या तर अडीच दिवस लागणार होते. केतकीने फोन काढून गुरुवारचं तिकीट पुढे ढकललं. कंपनीच्या माणसालाही येऊ नका म्हणून कळवलं. मग त्या पलंगाच्या कडेला बसली. उदय नेहमीच्या स्टुलावर बसला, आणि हाताला लागला म्हणून पिवळ्या काठाचा पंचा मांडीवर घेतला.

पहिली ओळ त्या अगदी पहिल्या दिवसाची होती, पाच मिनिटांच्या कामानंतरची. तो विचारून, ‘हो’ ऐकून, झालं म्हणून चहा टाकायला आत गेला होता, तेव्हाची.

"एका उत्तरावर झालं म्हणू नकोस," वैजू म्हणाली. "आता असा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर ‘नको’ येईल."

स्पीकर थांबला. अकरा महिन्यांत उदयने जे जे विचारलं होतं त्यावर त्याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर ऐकू आलं नव्हतं.

"उदय?" वैजूने हाक मारली, आतल्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी, थोडी मोठ्याने. "अरे, ऐकू येतंय का तुला?"

उदय म्हणाला, "हो."